'येतं', 'जमतं', 'शकतो' हे इंग्रजीत कसं सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्षमता सांगायला मराठीत शब्दांची कमी नाही. पोहता येतं, पोहू शकतो, पोहायला जमतं, पोहवत नाही. इंग्रजीत हा सगळा भार मुख्यतः 'कॅन', 'कुड' आणि 'बी एबल टू' वाहतात, पण कामाची वाटणी मराठीसारखी नाही. बहुतेक चुका या वाटणीतच होतात, विशेषतः 'शकतो' दिसला की 'कॅन' आणि 'शकलो' दिसला की 'कुड' असं डोळे मिटून लिहिलं तर. खालची उत्तरं वाचताना इंग्रजी वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. ती त्यासाठीच देवनागरीत दिली आहेत.

'मला पोहता येतं' आणि 'मी पोहू शकतो' यांत मराठीत फरक आहे. इंग्रजीत दोन्हीला 'कॅन'च का?

मराठीत 'येतं' हे शिकलेल्या कौशल्याकडे झुकतं आणि 'शकतो' हे ताकद, परिस्थिती किंवा मुभेकडे. 'मला पोहता येतं, पण खांदा दुखतोय म्हणून आज पोहू शकत नाही,' हे वाक्य मराठीत स्वच्छ कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द येतो आणि फरक 'टुडे'सारख्या शब्दांवर सोडला जातो: 'आय कॅन स्विम, बट आय कान्ट स्विम टुडे बिकॉज माय शोल्डर हर्ट्स.'

फक्त कौशल्याचंच बोलायचं असेल तर 'आय नो हाऊ टू स्विम' म्हणा.

आणखी एक गोष्ट. मराठीत 'मला' असलं तरी इंग्रजीत 'आय'च येतो, कारण 'कॅन'च्या आधी कर्ता लागतो. 'तिला गाता येतं का?' याचं इंग्रजी 'कॅन शी सिंग?' होतं. 'टू हर' कुठेही येत नाही.

'आय नो स्विमिंग', 'आय नो कुकिंग' हे चूक आहे का?

भारतात हे सर्रास बोललं जातं आणि इथे कुणाचं अडत नाही. पण भारताबाहेर ते खटकतं. 'नो'च्या पुढे भाषा, माणूस, गाव, गाणं अशी माहितीची गोष्ट थेट चालते: 'आय नो मराठी.' कृती आली की 'हाऊ टू' लागतं: 'आय नो हाऊ टू कुक.' त्याहून सोपं 'आय कॅन कुक'.

भाषेच्या बाबतीत उलट चूकही होते. 'मला जर्मन येतं' याचं 'आय कॅन जर्मन' होत नाही, 'आय कॅन स्पीक जर्मन' किंवा 'आय नो जर्मन' होतं. जर्मन शिकणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो, कारण त्या भाषेत 'इश कान डॉइच' हे क्रियापदाशिवाय चालतं, अगदी आपल्या 'मला जर्मन येतं'सारखं. जुन्या इंग्रजीतही 'कॅन'च्या पूर्वजाचा अर्थ 'जाणणं' हाच होता. 'कॅन', 'नो' आणि आपलं 'जाणणे' ही एकाच प्राचीन धातूची लेकरं आहेत. आजच्या इंग्रजीत मात्र 'कॅन'ला सोबत क्रियापद हवंच. फक्त छोट्या उत्तरात ते गाळता येतं: 'यस, आय कॅन.'

'कॅन'नंतर नेमकं काय यायला हवं?

मूळ क्रियापद, जसंच्या तसं. 'टू' नाही, 'इंग' नाही, 'एस' नाही, भूतकाळी रूप नाही.

चूक: 'शी कॅन टू ड्राइव्ह', 'शी कॅन ड्राइव्हिंग', 'शी कॅन ड्राइव्ह्ज', 'शी कॅन्स ड्राइव्ह'.
बरोबर: 'शी कॅन ड्राइव्ह.'

प्रश्नात 'डू' किंवा 'डज' आणायचं नाही. 'डज शी कॅन ड्राइव्ह?' हे वाक्य शाळेत 'डू-डज' नीट घोकलेल्यांकडूनच जास्त होतं. 'कॅन' स्वतःच उडी मारून पुढे येतो: 'कॅन शी ड्राइव्ह?' नकारात 'डजन्ट कॅन' नाही, 'कॅनॉट'.

'ही'-'शी'ला 'कॅन'मागे 'एस' का लागत नाही, असं विचारणाऱ्या मुलांना गप्प करू नका, प्रश्न चांगला आहे. 'कॅन'चं वर्तमानकाळी रूप हे फार पूर्वी भूतकाळी रूप होतं. भूतकाळात 'ही वेन्ट'लाही 'एस' लागत नाही, तसाच यालाही कधी लागला नाही. 'कुड'मधला न उच्चारला जाणारा 'एल' तर मूळचा नाहीच. 'वुड' आणि 'शुड' यांच्या जोडीला बसवायचा म्हणून तो नंतर घुसवला गेला.

'आय कॅन एबल टू डू इट' बरोबर की 'आय एबल टू डू इट'?

दोन्ही चूक. पहिल्यात एकच अर्थ दोनदा आला आहे. दुसऱ्यात क्रियापदच नाही, कारण 'एबल' हे विशेषण आहे. 'मी हुशार' असं मराठीत चालून जातं, इंग्रजीत 'आय क्लेव्हर' चालत नाही, तसंच हे. 'एबल'च्या आधी 'ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन' यांपैकी काहीतरी लागतंच आणि नंतर 'टू' अधिक मूळ क्रियापद.

बरोबर: 'आय कॅन डू इट' किंवा 'आय ॲम एबल टू डू इट.'

या दोहोंत वर्तमानकाळासाठी 'कॅन'च निवडा. 'आय ॲम एबल टू स्विम' व्याकरणाला धरून आहे, पण साध्या गप्पांत जड वाटतं. अडथळा पार करून आलेली क्षमता असेल तर ते शोभतं: 'आफ्टर द ऑपरेशन, ही इज एबल टू वॉक अगेन.'

आणखी एक खास भारतीय रूप आहे: 'आय ॲम नॉट बीइंग एबल टू ओपन द फाइल.' 'मला उघडता येत नाहीये' यातलं 'नाहीये' आपण 'बीइंग'मध्ये उतरवतो. गरज नाही. 'आय ॲम नॉट एबल टू ओपन द फाइल', नाहीतर सरळ 'आय कान्ट ओपन द फाइल'. 'बीइंग एबल टू' नामासारखं आलं तर चालतं: 'बीइंग एबल टू ड्राइव्ह इज युसफुल हिअर.'

ऑनलाइन मीटिंगमध्ये 'माझा आवाज येतोय का?' कसं विचारायचं?

'कॅन यू हिअर मी?' इतकंच. 'इज माय व्हॉइस कमिंग?' हे शब्दशः मराठी आहे. 'आर यू हिअरिंग मी?' हेही टाळा, कारण ऐकू येणं, दिसणं, वास येणं या आपोआप घडणाऱ्या गोष्टींना इंग्रजी सहसा चालू काळात टाकत नाही, त्यांना 'कॅन' लावते. 'ॲम आय ऑडिबल?' व्याकरणानं ठीक आहे, फक्त आपल्या कचेऱ्यांबाहेर कमी ऐकू येतं.

तुमचा स्क्रीन दिसत नाहीये: 'आय कान्ट सी युअर स्क्रीन.'
तुमचा आवाज तुटतोय, नीट ऐकू येत नाहीये: 'यू आर ब्रेकिंग अप. आय कान्ट हिअर यू प्रॉपर्ली.'
गॅसचा वास येतोय: 'आय कॅन स्मेल गॅस.'

'शकलो' म्हणजे 'कुड' ना? मग 'काल मी वेळेवर पोहोचू शकलो' याला 'आय कुड रीच ऑन टाइम' लिहिलं तर चूक का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

'कुड'ला दोन मालक आहेत. एक भूतकाळ, दुसरा 'करता येईल, करता आलं असतं' असा अनिश्चित अर्थ. 'आय कुड रीच ऑन टाइम' ऐकल्यावर इंग्रजी कानाला 'पोहोचू शकेन' असं काहीसं वाटतं. तुम्ही खरंच पोहोचलात का, हे कळतच नाही. म्हणून एका विशिष्ट वेळी प्रत्यक्ष साधलेल्या गोष्टीसाठी होकारार्थी वाक्यात 'कुड' वापरत नाहीत. तिथे 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' येतं.

'द ट्रेन वॉज लेट, बट आय मॅनेज्ड टू रीच ऑन टाइम.'

भूतकाळात नेहमी असणाऱ्या क्षमतेला मात्र 'कुड' चपखल बसतं. 'आजोबा न थांबता सिंहगड चढू शकायचे': 'माय ग्रँडफादर कुड क्लाइंब सिंहगड विदाउट स्टॉपिंग.' हीच गोष्ट एका दिवसाची केली की रूप बदलतं. 'गेल्या रविवारी गुडघा दुखत असूनही ते गडावर पोहोचू शकले': 'लास्ट संडे, ही वॉज एबल टू रीच द टॉप इन स्पाइट ऑफ हिज नी.'

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. 'शकलो'च्या जागी दुसरं रूप घालून बघा.

'यायचं' किंवा 'शकायचो' बसतंय? मग 'कुड'.
'जमलं', 'साधलं' बसतंय? मग 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू'. या दोघांत 'मॅनेज्ड टू'मध्ये खटपटीचा वास आहे. सहज झालेल्या गोष्टीला ते लावू नका.
नुसतं 'पोहोचलो' म्हटलं तरी चालतंय? मग साधा भूतकाळ: 'आय रीच्ड ऑन टाइम.' मराठीत 'शकलो' आपण बरेचदा नम्रतेनं किंवा सवयीनं लावतो. 'आपल्यामुळे मी शिकू शकलो' या वाक्यात अर्थ 'शिकलो' हाच असतो.

मग 'शकलो नाही'साठीही हाच नियम?

नाही, इथे सुटका आहे. नकारात काही साधलेलंच नसतं, त्यामुळे गोंधळाला जागा उरत नाही. 'कुडन्ट' एकदाच्या प्रसंगालाही चालतं आणि नेहमीच्या अक्षमतेलाही. 'आय कुडन्ट फाइंड माय कीज धिस मॉर्निंग.' 'माय ग्रँडमदर कुडन्ट रीड.'

होकारात दोन अपवाद आहेत. ऐकू येणं, दिसणं, वास येणं, आठवणं, समजणं यांना एका प्रसंगापुरतंही 'कुड' चालतं: 'लास्ट नाइट आय कुड हिअर द रेन.' आणि 'ओन्ली' किंवा 'हार्डली' असलं तरी चालतं, कारण त्यांत अर्धा नकार दडलेला असतो: 'आय कुड ओन्ली फाइंड टू सीट्स.' स्पर्धा परीक्षेतल्या पर्यायी प्रश्नांत याच जागी फसवतात. 'ऑल्दो', 'इन स्पाइट ऑफ', 'फायनली', 'बट' असे शब्द आणि एकच घटना दिसली, तर 'कुड'च्या पर्यायाकडे संशयानं बघा.

भविष्यकाळात 'विल कॅन' का चालत नाही?

'कॅन', 'विल', 'मे', 'मस्ट', 'शुड' ही एका घरातली क्रियापदं आहेत आणि एका वाक्यांशात त्यांतलं एकच बसतं. दुसरं हवं असेल तिथे 'बी एबल टू' बदली कामगार म्हणून येतो: 'विल बी एबल टू', 'माइट बी एबल टू', 'शुड बी एबल टू'.

पण उद्याचं प्रत्येक 'येईल' म्हणजे 'विल बी एबल टू' नव्हे. आत्ता ठरवताय आणि आत्ताच मोकळे आहात, तर 'कॅन' पुरे: 'आय कॅन मीट यू टुमॉरो ॲट टेन.' क्षमता आज नाही, पुढे येणार आहे, तेव्हा 'विल बी एबल टू' लागतं: 'इन सिक्स मंथ्स, यू विल बी एबल टू स्पीक जर्मन.' इथे 'यू कॅन स्पीक जर्मन आफ्टर सिक्स मंथ्स' लिहिलंत तर कानाला खटकतं.

'इफ'च्या अर्ध्या वाक्यात साधं 'कॅन' ठेवा: 'इफ यू कॅन कम अर्ली, वी विल स्टार्ट ॲट नाइन.'

'गेले आठ दिवस मला झोपता आलेलं नाही' याचं काय करायचं?

'कॅन'ला 'हॅव'सोबतचं रूप नाही, मूळ रूपही नाही. 'टू कॅन' होत नाही, 'हॅव कॅन' होत नाही. म्हणून 'आय हॅवन्ट बीन एबल टू स्लीप फॉर एट डेज.' आपल्याकडे याचं 'आय ॲम नॉट एबल टू स्लीप सिन्स एट डेज' होतं. त्यात दोन चुका आहेत. आठ दिवसांपासून आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला 'हॅव बीन' लागतं, आणि कालावधीला 'फॉर' लागतं. 'सिन्स' सुरुवातीच्या क्षणाला: 'सिन्स मंडे'.

'आज पाऊस पडू शकतो': 'इट कॅन रेन टुडे'?

नको. मराठी 'शकतो' क्षमताही सांगतो आणि शक्यताही. 'कॅन' फक्त 'असं घडत असतं' अशी सर्वसाधारण शक्यता सांगतो: 'इट कॅन बी व्हेरी हॉट इन नागपूर इन मे.' आजच्या, या प्रसंगाच्या अंदाजाला 'मे', 'माइट' किंवा 'कुड' लागतं: 'इट माइट रेन टुडे.' 'तो घरी असू शकतो' म्हणजे 'ही माइट बी ॲट होम'.

नकारात पुन्हा पलटी आहे. 'तो घरी असणं शक्यच नाही' याला 'ही कान्ट बी ॲट होम' अगदी बरोबर. 'ही माइट नॉट बी ॲट होम' म्हणजे 'तो कदाचित घरी नसेल'. दोन्हींत फार अंतर आहे.

'बघवत नाही', 'खाववत नाही', 'राहवलं नाही' हे इंग्रजीत कसं आणायचं?

मराठीचं हे शक्यतादर्शक रूप फार गोड आहे. करता येतं, अवयव शाबूत आहेत, पण मन किंवा शरीर साथ देत नाही. इंग्रजीत यासाठी वेगळं क्रियापदरूप नाही. 'कान्ट'ला वेगवेगळे जोडीदार देऊन काम भागवतात, आणि जोडीदार क्रियापदापेक्षा भावनेवर ठरतो.

शरीर थकलं असेल तर 'एनी मोअर' किंवा 'एनी फर्दर' जोडा. 'आता खाववत नाही': 'आय कान्ट ईट एनी मोअर.' 'आता चालवत नाही': 'आय कान्ट वॉक एनी फर्दर.' नुसतं 'आय कान्ट वॉक' म्हटलंत तर ऐकणारा तुम्हाला अपंग समजेल, किंवा पाय मोडला असं तरी.

मन धजत नसेल तर 'बेअर': 'त्याचे हाल बघवत नाहीत' म्हणजे 'आय कान्ट बेअर टू सी हिम सफर'. चीड असेल तर 'स्टँड', आणि त्यापुढे 'इंग'चं रूप: 'आय कान्ट स्टँड वेटिंग इन लाइन.'

'राहवलं नाही', 'आवरलं नाही' यांना 'हेल्प' आहे आणि त्याचा मदतीशी संबंध नाही. 'मला हसू आवरेना': 'आय कुडन्ट हेल्प लाफिंग.' इथे 'टू लाफ' चूक. 'कुडन्ट हेल्प बट लाफ' असंही रूप आहे, त्यात 'इंग' नसतं. दोन्हींची खिचडी करून 'कुडन्ट हेल्प बट लाफिंग' लिहू नका. समोर मोह असेल, म्हणजे ताटात पुरणपोळी आणि वाटीत तूप, तर 'आय कुडन्ट रेझिस्ट' म्हणा.

'मी पास होऊ शकलो असतो' कसं लिहायचं?

'आय कुड हॅव पास्ड.' रचना 'कुड हॅव' अधिक क्रियापदाचं तिसरं रूप. अर्थ असा की संधी किंवा कुवत होती, घडलं मात्र नाही. तिसऱ्या रूपाकडे लक्ष द्या: 'कुड हॅव केम', 'कुड हॅव वेन्ट' चूक, 'कुड हॅव कम', 'कुड हॅव गॉन' बरोबर. बोलताना 'हॅव' झिजून 'अव्ह' होतं आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे लोकही ते 'ऑफ' समजून 'कुड ऑफ' लिहितात. इंटरनेटवर दिसलं म्हणून उचलू नका.

'कुडन्ट हॅव' मध्ये मात्र घडणं अशक्य होतं असा अर्थ येतो: 'आय कुडन्ट हॅव डन इट विदाउट यू', तुझ्याशिवाय जमलंच नसतं. आभार मानायला हे वाक्य पाठ असू द्या.

'इथून बस पकडता येते' यात कर्ताच नाही. इंग्रजीत कुणाला बसवायचं?

बोलताना 'यू': 'यू कॅन कॅच अ बस फ्रॉम हिअर.' हे 'यू' म्हणजे समोरचा नव्हे, कुणीही. लेखी सूचनेत कर्मणी प्रयोग: 'टिकिट्स कॅन बी बुक्ड ऑनलाइन.' 'टिकिट्स आर एबल टू बी बुक्ड' असं लिहू नका. 'एबल' सहसा माणसाला किंवा काही करणाऱ्या गोष्टीला शोभतं, जिच्यावर काही केलं जातं तिला नाही. 'कॅन बुक्ड' ही 'बी' गिळलेली चूकही सूचनाफलकांवर भरपूर दिसते.

'टू... टू' काढून वाक्य लिहा, या प्रश्नात 'कॅनॉट' कधी आणि 'कुड नॉट' कधी?

शाळेच्या कृतिपत्रिकेतला हा जुना पाहुणा. 'द बॉक्स इज टू हेवी फॉर मी टू लिफ्ट' याचं 'द बॉक्स इज सो हेवी दॅट आय कॅनॉट लिफ्ट इट.' क्रमानं तपासा:

१. पहिल्या 'टू'च्या जागी 'सो', विशेषणानंतर 'दॅट'.
२. 'फॉर मी'चा 'आय', 'फॉर हिम'चा 'ही'. 'फॉर' नसेल तर वाक्याचा कर्ताच पुन्हा घ्या: 'ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक.'
३. मूळ वाक्यात 'इज' असेल तर 'कॅनॉट', 'वॉज' असेल तर 'कुड नॉट'.
४. उचलायची वस्तू हीच वाक्याचा कर्ता असेल तर शेवटी 'इट' किंवा 'देम'. गुण इथेच जातात.

'चहा इतका गरम आहे की पिववत नाही' यात कोण पिणार ते सांगितलेलं नाही, तिथे 'वन' घ्या: 'द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट.' उलट बदल करताना 'नॉट' काढून टाका, कारण 'टू हेवी' यातच नकार आहे.

अप्रत्यक्ष कथनात काय होतं?

'सेड' असेल तर 'कॅन'चं 'कुड' होतं: 'ही सेड दॅट ही कुड स्विम.' मूळचं 'कुड' तसंच राहतं.

अर्जात, ईमेलमध्ये, बायोडाटात 'कॅन' चालतं का?

चालतं, पण औपचारिक ठिकाणी दुसरे शब्द जास्त कामाचे आहेत आणि प्रत्येकाचं शेपूट वेगळं आहे. चुका शेपटातच होतात.

'एबल' आणि 'अनेबल' यांच्यामागे 'टू' अधिक मूळ क्रियापद: 'आय ॲम अनेबल टू अटेंड द मीटिंग.' 'ॲबिलिटी'लाही 'टू': 'ॲबिलिटी टू वर्क अंडर प्रेशर', 'ॲबिलिटी ऑफ वर्किंग' नाही. 'केपेबल'ला 'ऑफ' आणि 'इंग': 'केपेबल ऑफ हँडलिंग अ टीम.' 'एनेबल'ला आधी माणूस, मग 'टू': 'धिस कोर्स एनेबल्ड मी टू राइट रिपोर्ट्स.' भाषेसाठी 'फ्लुएंट इन मराठी'.

'डिसेबल' हा 'अनेबल'चा भाऊ समजू नका. 'आय ॲम डिसेबल्ड टू कम' म्हणजे काहीच नाही. 'डिसेबल' म्हणजे बंद पाडणं, आणि 'डिसेबल्ड' हा शब्द अपंगत्वासाठी आहे. 'यू आर इनकेपेबल' किंवा 'नॉट केपेबल' हे माणसाच्या कुवतीवर बोट ठेवतं. कामाबद्दल बोलायचं तर 'यू वेअर नॉट एबल टू फिनिश धिस' पुरे.

युरोपात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना ए-1 ते सी-2 अशा सहा भाषापातळ्या भेटतात. युरोप परिषदेच्या 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्यात या पातळ्यांची वर्णनं 'कॅन'नं सुरू होतात: अमुक समजू शकतो, तमुक लिहू शकतो. मुलाखतीत स्वतःबद्दल सांगताना हाच साचा घ्या. 'माय इंग्लिश इज गुड' यापेक्षा 'आय कॅन राइट अ रिपोर्ट विदाउट हेल्प' याला वजन जास्त.

'आय ॲम पॉसिबल टू कम' आणि 'आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड' यांत काय बिघडलं?

'मला शक्य आहे', 'मला कठीण जातं' यातला 'मला' इथे 'आय' होत नाही. शक्य किंवा कठीण असते ती गोष्ट, माणूस नाही. 'इट इज पॉसिबल फॉर मी टू कम', 'आय फाइंड इट डिफिकल्ट टू अंडरस्टँड इंग्लिश'. 'आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड' हे वाक्य व्याकरणात बसतं, ही खरी गंमत. त्याचा अर्थ होतो 'मला समजून घेणं लोकांना कठीण जातं'.

'कॅनॉट' सलग की तोडून? आणि 'कान्ट' म्हणायचं की 'कॅन्ट'?

सलग, दोन 'एन' एकत्र. तोडून लिहायची वेळ मुख्यतः 'नॉट ओन्ली'सोबत येते: 'शी कॅन नॉट ओन्ली सिंग बट ऑल्सो डान्स.' संक्षेपात अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह 'एन' आणि 'टी'च्या मध्ये. ते विसरलात तर तयार होणाऱ्या शब्दाचा अर्थ 'ढोंगी बोलणं' असा आहे.

ब्रिटिश उच्चार 'कान्ट', अमेरिकन 'कॅन्ट', दोन्ही मान्य, एकच धरा. अमेरिकन उच्चारात शेवटचा 'ट' जवळपास गिळला जातो. मग होकार-नकार ओळखायचा कसा? आघातावरून. होकारात 'कॅन' दबतो, 'क्न' एवढाच उरतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: 'आय क्न कम.' नकारात 'कॅन्ट'वर पूर्ण जोर येतो. आपण होकारातही 'कॅन' ठासून म्हणतो, म्हणून परदेशातला माणूस फोनवर 'येऊ शकत नाही' असं ऐकतो. पैसे, तारीख, औषध असा विषय असेल तर नकार देताना 'कॅनॉट' पूर्ण म्हणा.

वर्गात 'कॅन आय' म्हटलं की सर 'मे आय' म्हणायला लावतात. कोण बरोबर?

दोघंही. आज 'कॅन आय कम इन?' सर्वत्र परवानगीसाठी वापरतात, 'मे आय' जास्त औपचारिक आहे. 'कुड यू सेंड मी द फाइल?' यातलं 'कुड' भूतकाळ नसून विनंतीतला मऊपणा आहे.

'गाडी सुरू होत नाहीये' याला 'द कार कान्ट स्टार्ट' म्हणतात का?

म्हणत नाहीत. वस्तू हट्टाला पेटली की इंग्रजी 'वोन्ट' वापरते: 'द कार वोन्ट स्टार्ट', 'द लिड वोन्ट कम ऑफ'. भूतकाळात 'वुडन्ट'. आपलं 'होईना' याच जातीचं आहे. 'गाडी सुरूच होईना' म्हणजे 'द कार वुडन्ट स्टार्ट', आणि 'मला ती सुरू करता येईना' म्हणजे 'आय कुडन्ट स्टार्ट इट'. दोष गाडीकडे असेल तर 'वुडन्ट', तुमच्याकडे असेल तर 'कुडन्ट'.

माणसाला 'वोन्ट' लावताना जपा. 'आय वोन्ट कम टुमॉरो' यात 'येणार नाही, जा' असा सूर लागू शकतो. साहेबांना रजेचा मेल लिहिताना 'आय वोन्ट बी एबल टू कम टुमॉरो' लिहा.